घाण कोणी उचलायची? वृद्धांच्या संस्था काढणाऱ्यांपुढे एक प्रश्न

आमच्या बाजारातल्या सात-आठ व्यापाऱ्यांनी मिळून वृद्धांसाठी एक संस्था काढायचे ठरवले आहे. जागा पाहून झाली, नकाशा तयार झाला, देणग्यांचे आकडेही बोलले गेले. चाळीस खाटांची दुमजली इमारत. पहिल्याच बैठकीत एक कोरा कागद आमच्याकडे सरकवला गेला आणि सांगण्यात आले की, चादरींचे कोटेशन तुम्हीच द्या, तुमचा धंदाच तो. चाळीस खाटा म्हणजे निदान एकशेवीस चादरी. एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात, असा हा दवाखान्यांचा सरळ हिशेब आहे. रबरी मॅकिंटॉशवर घालायच्या आडव्या ड्रॉ शीट, उशांचे अभ्रे आणि टॉवेल वेगळे. माल सगळा पांढरा. पांढरे कापड उकळता येते, ब्लीच करता येते, आणि कोपऱ्यावर संस्थेचा शिक्का मारला की धोब्याकडून मोजून परत घेता येते. सोलापुरात चादरीच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. असे कोटेशन आम्ही दहा मिनिटांत लिहू शकतो. पण अजून लिहिलेले नाही. का लिहिले नाही, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदाही अशाच दवाखान्यांना लागतो. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्यांना उठणे-बसणे, खाणे, आंघोळ स्वतःहून जमत नाही अशा माणसांची, बहुतेक वृद्धांची, कायम राहण्याची जागा. तिथे नर्स असतात, आया असतात, औषधांची गाडी वेळेवर फिरते. आमच्या मंडळींना काढायची आहे ती संस्था वृद्धाश्रम आणि हे अमेरिकन नर्सिंग होम यांच्या मधली. म्हणून तिकडे काय घडले ते पाहणे आपल्या उपयोगाचे आहे.

ही हकीकत आम्हाला कळली ती डॉ. अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या इंग्रजी पुस्तकातून. डॉ. गावंडे अमेरिकेत सर्जन आहेत, पण घराणे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. आमचा भाचा डॉक्टर आहे. त्याने पुस्तक आणले आणि काही प्रकरणे आम्हाला वाचून, समजावून सांगितली. आमची शाळा उर्दू माध्यमाची, इंग्रजीशी दोस्ती बेताचीच. तरी एक प्रकरण आम्ही त्याच्याकडून तीन वेळा वाचून घेतले.

न्यूयॉर्क राज्यात न्यू बर्लिन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये १९९१ साली बिल थॉमस नावाचे तरुण डॉक्टर वैद्यकीय प्रमुख म्हणून आले. वय एकतीस. संस्थेत ऐंशी माणसे, बहुतेक अपंग, त्यातल्या पुष्कळांची स्मृती गेलेली. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, स्वच्छता चोख. पण थॉमस यांना वाटले की इथली माणसे आजाराने जितकी खंगतात, त्याहून जास्त कंटाळ्याने, एकटेपणाने आणि आपण कोणाच्या उपयोगाचे नाही या भावनेने खंगतात. त्यांनी उपाय सुचवला तो ऐकून कोणीही हसले असते. प्रत्येक खोलीत जिवंत झाड, हिरवळीच्या जागी भाजीची बाग, नोकरांची मुले शाळा सुटल्यावर इथेच यावीत, आणि जनावरे. दोन कुत्रे, चार मांजरी, शंभर पक्षी! राज्याचा नियम होता की अशा संस्थेत एक कुत्रा किंवा एक मांजर ठेवता येईल. थॉमस सरकारकडे गेले, नियमातून सूट मागितली, नव्या प्रयोगासाठीचे अनुदानही मिळवले.

इथे आमच्यासारख्या व्यापाऱ्याला वाटेल की परवाना मिळाला, पैसा मिळाला, आता काम झालेच. सरकारी कचेरीतून दोन्ही मिळवणे म्हणजे काय असते ते आपण जाणतो. पण चेसची खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. शंभर पक्षी एकाच दिवशी आले आणि पिंजरे आलेच नव्हते. गाडीवाल्याने पक्षी केस कापण्याच्या खोलीत सोडले, दार लावले आणि तो निघून गेला. दिवसाउजेडी पिंजरे पोहोचले ते सुट्या भागांत. सगळे कर्मचारी पिसांच्या धुरळ्यात पक्षी पकडत होते आणि म्हातारी माणसे काचेतून बघून हसत होती.

खरा मासला कुत्र्याचा आहे. एका सुट्टीच्या दिवशी कुत्र्याने जमिनीवर घाण केली. ड्यूटीवरच्या नर्सने वरिष्ठ बाईंना घरी फोन लावला, तुम्ही साफ करायला येताय का? आपण नर्सिंगचे शिक्षण घेतले ते कुत्र्याची घाण काढायला नव्हे, असे तिचे म्हणणे. तिने घाणीवर एक खुर्ची ठेवली, कोणाचा पाय पडू नये म्हणून, आणि ती निघून गेली. काहींचे म्हणणे, जनावरांसाठी वेगळा माणूस नेमा. काहींचे, हे आमचे काम नाही. थॉमस यांचे म्हणणे एकच होते, ज्याला दिसेल त्याने उचलावी.

वाचकहो, त्या खुर्चीवर आम्ही बराच विचार केला. नर्स वाईट होती का? मुळीच नाही. तिने अनेक वर्षे हेच शिकले होते की प्रत्येकाचे काम ठरलेले असते, त्या रेषेबाहेर पाऊल टाकले की चूक तुमच्या नावावर पडते. औषध चुकले तर नोकरी जाते. म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसला तर कोणाचीही नोकरी जात नाही. ज्या संस्थेत नोंदवही एवढेच मोजते, तिथले शहाणे माणूस एवढेच सांभाळते. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याला ऑर्गनायझेशनल कल्चर म्हणतात. आमच्या बाजारी भाषेत ती पेढीची रीत. ती कुठे लिहिलेली नसते, पण नवीन आलेला पोऱ्या आठ दिवसांत शिकतो की इथे काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही.

चेसमध्ये वादावादी होत होत हळूहळू ही रीत बदलली. सगळे पक्षी रहिवाशांनी वाटून घेतले, त्यांना नावे ठेवली. ज्यांना बोलता येत नाही असे धरले गेले होते त्यांतले काही बोलू लागले. कोणी स्वतःहून नर्सकडे येऊन म्हणाले, कुत्र्याला मी फिरवून आणतो. दोन वर्षे जवळच्या दुसऱ्या एका संस्थेशी तुलना करून पाहण्यात आली. चेसमध्ये दर माणशी औषधांच्या चिठ्ठ्या तिथल्यापेक्षा निम्म्या झाल्या, औषधांचा खर्च त्या संस्थेच्या ३८ टक्क्यांवर आला आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. एका संस्थेचे आकडे, त्यामुळे फार ताणू नयेत. पण हिशेबाच्या वहीत हे आकडे दिसले असते तर आम्ही दोनदा बेरीज केली असती.

कुत्र्याचे नाव काढल्याने आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. घरात कुत्रा आम्हालाही चालत नाही. आपल्याकडे कोंबड्या आहेत, कबुतरे आहेत, शेळी आहे. मुद्दा कुत्र्याचा नाही, खुर्चीचा आहे.

आता आमच्या स्वतःच्या दुकानाची गोष्ट, म्हणजे दुसऱ्याला नावे ठेवल्यासारखे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा काउंटरवर होता. त्याने एकदा सुचवले की छोट्या दवाखान्यांसाठी चादर, ड्रॉ शीट, अभ्रा आणि टॉवेल यांचा एकेक तयार संच बांधून ठेवावा, गिऱ्हाईक चार वस्तू चार ठिकाणी शोधत फिरते. आम्ही गादीवरून एवढेच म्हणालो, “तुला कोणी विचारले?” मुनीमजी हसले. पुढची चार वर्षे दुकानात कोणी काही सुचवले नाही, आणि आम्ही समजत होतो की दुकान शिस्तीत चालले आहे. तो संच पुढे आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाने काढला. आज त्यांचा तो माल मराठवाड्यापर्यंत जातो. मुलगा तिथेच नोकरीला आहे.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या मरहूम फुफी शेवटची दोन वर्षे एका संस्थेत होत्या. मुलगा आखातात, सून आजारी, आमच्या घरी जिन्याची अडचण. संस्था चांगली म्हणून नावाजलेली आणि चादरी आमच्याच दुकानातून गेलेल्या. फुफींनी एकच गोष्ट मागितली, अंगावर घ्यायला आपली घरची रंगीत सोलापुरी चादर. आयाबाई म्हणाली, मला काही हरकत नाही, पण विचारावे लागेल. तिने मेट्रनला विचारले. मेट्रन म्हणाल्या, धुलाईचा हिशेब जुळणार नाही, ऑफिसला विचारते. ऑफिसने ट्रस्टींकडे ठेवले. ट्रस्टींची बैठक महिन्यातून एकदा. तीन आठवड्यांनी उत्तर आले की एक चादर चालेल, पण धुण्याची जबाबदारी नातेवाइकांची. आम्ही चादर घेऊन गेलो तेव्हा फुफी म्हणाल्या, राहू दे बेटा, ही पांढरीच बरी आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे वीस माणसांचा स्वयंपाक आपल्या हुकमाने चालवला, ती हे म्हणाली. शिक्का मारलेली ती पांढरी चादर आमच्याच पेढीची होती. त्या संस्थेतले एकही माणूस दुष्ट नव्हते. फक्त आयाबाईपासून ट्रस्टींपर्यंत कोणालाच एका चादरीपुरता स्वतः निर्णय घ्यायची सवय नव्हती.

थॉमस यांनाही पुढे हेच जाणवले असावे. जुन्या इमारतीत पक्षी आणून भागत नाही, इमारत आणि कामाची उतरंड दोन्ही मोडावी लागतात. २००३ साली मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावी त्यांच्या कल्पनेवर पहिली ‘ग्रीन हाउस’ घरे उभी राहिली. एका घरात दहाच वृद्ध. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर, मध्ये बैठकीची खोली, उघडे स्वयंपाकघर आणि सर्वांनी एकत्र बसायचे लांब मेज. घरात काम करणाऱ्या बायका-पुरुष स्वयंपाक करतात, कपडे धुतात, आंघोळ घालतात, गप्पा मारतात. स्वयंपाकी वेगळा, धोबी वेगळा, आया वेगळी असा प्रकार नाही. कामाच्या पाळ्या त्या आपसात ठरवतात. नर्स आणि डॉक्टर येतात, औषधपाण्याचा अधिकार त्यांचाच, पण घर त्यांच्या हुकमाने चालत नाही.

या कामगारांना तिथे काय म्हणतात, ते ऐकून आम्ही खुर्चीवरून उठलोच. शाहबाज! फारसी शब्द, बादशाहाचा ससाणा. उर्दू शाळेत ज्यांनी शाहीन आणि शाहबाज यांच्या नज्मा पाठ केल्या, त्यांनी कधी विचार केला होता का की मिसिसिपीत म्हाताऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाईला हे नाव मिळेल? अनेकवचन मात्र त्यांनी ‘शाहबाजीम’ असे केले आहे. शब्द फारसी आणि प्रत्यय इब्रानी. आमच्या उस्तादांनी वहीवर लाल रेघ मारली असती. असो. नावामागचा हिशेब पक्का आहे. नर्सिंग होमच्या उतरंडीत सर्वांत खाली ज्याला आया म्हणतात, त्याच माणसाला म्हातारीची झोप, भूक, राग सगळे माहीत असते. नाव बदलून उपयोग नाही म्हणून त्यांना १२० तासांचे जादा शिक्षण दिले जाते, घरखर्चाचा आणि स्वयंपाकाचा अधिकारही दिला जातो.

याचा पैशाशी संबंध आहे तो असा. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये नोकर टिकत नाहीत. २०१७-१८ च्या आकडेवारीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्सिंग कर्मचाऱ्यांच्या बदलाचे सरासरी प्रमाण वर्षाला १२८ टक्के निघाले. म्हणजे वर्षभरात संपूर्ण पटाहून जास्त माणसे सोडून जातात आणि नवी येतात. ज्या दुकानात दर वर्षी सगळे विक्रेते बदलतात तिथे कोणत्या गिऱ्हाइकाची पसंती कोणाच्या लक्षात राहणार? आणि नवे काही सुचणार कोणाला? सुचण्यासाठी आधी माणूस टिकावा लागतो, आणि ज्याचे ऐकले जात नाही तो टिकत नाही.

पण नवी इमारत आणि नवे नाव यांनीही रीत पक्की होत नाही. विस्कॉन्सिनच्या प्राध्यापिका बार्बरा बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीन हाउस घरांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सगळी घरे सारखी चालत नाहीत. एखादी अडचण आली, एखादी तक्रार आली, की काही ठिकाणी सगळे एकत्र बसून मार्ग काढत. तिथे नवी रीत मुरली. दुसऱ्या ठिकाणी वरच्यांनी घाईने हुकूम काढून अडचण मिटवली. तिथे हळूहळू जुना कारभार परत आला. लांब मेज तेच, शाहबाज हे नावही तेच, पण आता प्रत्येक गोष्ट विचारून करायची. व्यापाऱ्याला हे लगेच कळते. मंदीचा पहिला झटका बसला की मुलाच्या हाती दिलेला गल्ला आपण परत घेतो आणि म्हणतो, तात्पुरते आहे. तो गल्ला पुन्हा त्याच्या हाती जात नाही.

ग्रीन हाउस ही जादू आहे असे आम्ही म्हणत नाही. स्वतंत्र खोल्यांना पैसा लागतो. २०२० च्या कोविडकाळात तिथे संसर्ग आणि मृत्यू यांचे प्रमाण नेहमीच्या नर्सिंग होमपेक्षा कमी राहिले हे खरे, पण त्यात छोट्या घरांचा आणि स्वतंत्र खोल्यांचा वाटा मोठा असणार. आणि एवढे होऊनही, पहिल्या घराला सतरा वर्षे झाली तेव्हा सगळ्या अमेरिकेत अशी घरे सुमारे ३००, तर नर्सिंग होम पंधरा हजारांवर. चांगला माल बाजारात आहे, नमुना सगळ्यांनी पाहिला आहे, तरी उठाव नाही. माल खराब नसताना उठाव नसेल तर दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या सवयीकडे पाहावे. इथे गिऱ्हाईक म्हणजे संस्था चालवणारे.

हॉलंडमध्ये डेव्हेंटर येथे ह्युमॅनिटास नावाची वृद्धांची संस्था आहे. तिथे कॉलेजची काही मुले भाड्याशिवाय राहतात. अट एवढीच की महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचे. स्वस्तातली ही कल्पना आपल्या गावांत, जिथे वसतिगृहाला जागा मिळत नाही तिथे, सहज बसेल. पण तीही अशाच संस्थेत बसेल जिथे अठरा वर्षांच्या मुलाने आजोबांबरोबर अंगणात चहा पिण्यासाठी लेखी परवानगी लागत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटी अडतीस लाख होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात निदान दीडशे जणांची सोय, अशी कल्पना मांडली आहे. दीडशे! कायद्याचा हेतू चांगला आहे, पण दीडशे माणसे एका छपराखाली आली की शिस्त आपोआप वरून खाली येऊ लागते, आणि चादरी पांढऱ्या होतात. आपल्या व्यापारी मंडळींनी निदान चाळीसचे चार भाग तरी करावेत, असे आम्ही बैठकीत सुचवले. एका भागात दहा माणसे, एक स्वयंपाकघर, ठरावीक तीन-चार बायका, आणि त्यांच्या हाती महिन्याची ठरलेली रक्कम. खजिनदार म्हणाले की चार स्वयंपाकघरे म्हणजे चार गॅस, चार हिशेब, चोरीला चार वाटा. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. आम्हीही वीस वर्षे असेच बोललो आहोत.

त्या बैठकीत चहा द्यायला एक बाई होती. कोणीतरी सांगितले की तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूची सहा वर्षे खिदमत केली आहे. खोलीत बसलेल्या आम्हा नऊ पुरुषांपैकी कोणीही एका म्हाताऱ्या माणसाला सलग सहा दिवस आंघोळ घातलेली नाही. आम्ही तिला थांबवले आणि नकाशा दाखवून विचारले की बाई, यात काय कमी आहे? ती आधी अध्यक्षांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनला जाग येते, भूक लागते. तेव्हा गॅसच्या खोलीची किल्ली कोणापाशी असणार?”

बैठकीच्या टिपणात हा प्रश्न लिहिला गेला नाही. आम्ही तो कोटेशनच्या कोऱ्या कागदावर लिहून घेतला आहे. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे, आणि त्या बाईला आम्ही चहा घेऊन नव्हे, तर खुर्चीवर बसायला या म्हणून सांगून ठेवले आहे.